एकेक घोट: वांडा गाग आणि तिची मांजरं

२०२४च्या एक जानेवारीला आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मिकी माऊसचा पूर आला होता. १९२८ सालच्या ‘स्टीमबोट विली’वरचा अमेरिकेतला कॉपीराइट त्या दिवशी संपला, त्यामुळे मिकीचं काहीही करायला आता मोकळीक, असा एकूण उत्साह होता. मी उत्सुकतेनं मुक्त झालेल्या कृतींची पूर्ण यादी उघडली. तिथं बरंच खाली एक नाव होतं: ‘मिलियन्स ऑफ कॅट्स’, लेखन आणि चित्रं वांडा गाग. आमच्या कामात मिलियन हा आकडा रोज भेटतो, मांजरं मात्र भेटत नाहीत, म्हणून स्कॅन उतरवून घेतलं. दहा मिनिटांचं पुस्तक. त्या रात्री मी ते चार वेळा वाचलं आणि नंतर कागदावरची प्रत मागवली. पहिल्यांदा छापलं गेल्यापासून हे पुस्तक बाजारातून कधी गेलेलंच नाही. अमेरिकेत आजही छापलं जात असलेलं सर्वांत जुनं चित्रपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात.

गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही बोलता येणार नाही. एक म्हातारा आणि एक म्हातारी. घर छान आहे, पण घरात कुणी नाही. म्हातारीला एक मांजर हवंय. म्हातारा टेकड्या ओलांडत जातो आणि एका अशा टेकडीपाशी पोचतो, जी मांजरांनी पूर्ण भरली आहे. सगळ्यांत सुंदर मांजर न्यायचं म्हणून तो एक उचलतो. मग दुसरं दिसतं, तेही तितकंच सुंदर. मग तिसरं. शेवटी सगळीच घेऊन तो घराकडे निघतो. वाटेत मांजरांना तहान लागते. प्रत्येक मांजर एकच घोट पितं आणि तळं आटतं. भूक लागते, प्रत्येकी एकच घास आणि टेकड्या उघड्या पडतात. घरी म्हातारी म्हणते, इतक्यांना खायला कुठून घालायचं? मग सर्वांत सुंदर कोण, हे मांजरांनाच ठरवायला सांगितलं जातं. भांडण जुंपतं, म्हातारा-म्हातारी घाबरून घरात पळतात. बाहेर शांत झाल्यावर बघतात तर एकही मांजर नाही. बहुधा एकमेकांना खाऊन टाकलं असावं, असा त्यांचा अंदाज. तेवढ्यात उंच गवतात एक हाडकुळं, कुरूप पिल्लू सापडतं. मी काही सुंदर नाही, म्हणून मी गप्प बसलो आणि कुणी माझ्याकडे लक्षच दिलं नाही, असं ते सांगतं. ते दोघं त्याला घरात घेतात, न्हाऊ घालतात, रोज दूध पाजतात. ते गुबगुबीत होतं. आणि म्हातारा म्हणतो, हेच जगातलं सर्वांत सुंदर मांजर. माझ्याइतकी मांजरं पाहिली आहेत कुणी?

एक व्यावसायिक टीप इथं टाळता येत नाही. यादीतली सर्वांत मोठी गोष्ट शोधण्याची रीत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: एक हातात ठेवा, पुढचीशी ताडून बघा, हरेल ती खाली ठेवा. म्हाताऱ्याची चूक एवढीच आहे की तो हरलेलं मांजर खाली ठेवत नाही. त्याला ते जमत नाही. ही चूक मला फार आवडते.

या गोष्टीचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘नम्रतेचं फळ’ असा लावलेला दिसतो. गर्विष्ठ मेले, विनयी तरलं. मला हे वाचन लंगडं वाटतं. एक तर पिल्लू विनयी नाही, त्याला फक्त स्वतःविषयीची खरी माहिती आहे. आणि शेवटी त्यालाही ‘सर्वांत सुंदर’ हाच किताब मिळतो. म्हणजे ज्या स्पर्धेनं बाकीच्यांचा घात केला, तिचाच मुकुट त्याच्या डोक्यावर बसतो. नम्रतेची गोष्ट असती तर ती अशी संपली नसती. माझ्या मते या गोष्टीचं मर्म सौंदर्यात नाही, तळ्यात आहे. एकाही मांजरानं हावरटपणा केलेला नाही. प्रत्येकानं एकच घोट घेतला. तरी तळं संपलं. ज्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ आणि आणणारा हात एक असतो, तिथला हा हिशेब आहे. ज्यानं तो लहानपणी केला आहे, त्यालाच तो इतक्या सहज सुचतो.

वांडानं तो केला होता. तिचा जन्म ११ मार्च १८९३चा, मिनेसोटातल्या न्यू उल्म या गावचा. जर्मन भाषकांनी वसवलेलं गाव, आईवडील दोघांची मुळं बोहेमियातली, घरात जर्मन, कानावर जर्मन लोककथा. इंग्रजी तिला शाळेत गेल्यावर आली. वडील अँटन गाग चित्रकार होते, म्हणजे पोटासाठी लोकांची घरं आणि चर्च रंगवायचे आणि रविवारी माळ्यावरच्या खोलीत स्वतःची चित्रं काढायचे. सात मुलं: वांडा, स्टेला, टुसी, आस्टा, डेली, हॉवर्ड, फ्लाविया. सहा मुली, एक मुलगा. १९०८ साली वडील क्षयानं गेले तेव्हा वांडा पंधरा वर्षांची होती आणि फ्लाविया जेमतेम एका वर्षाची. आई खचलेली, आजारी. मरताना वडिलांनी थोरलीला जवळ बोलावून सांगितलं की बाबाला जे जमलं नाही ते आता वांडाला पुरं करावं लागेल.

हे वाक्य तिच्यावरच्या प्रत्येक लेखात येतं, आणि जवळजवळ प्रत्येक लेखक त्याकडे आशीर्वाद म्हणून बघतो. मला ते वाचताना अंगावर काटा येतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात एकाच वेळी दोन गोष्टी दिल्या आहेत: माळ्यावरची खोली आणि खालचं स्वयंपाकघर. त्यातलं नेमकं काय ‘जमलं नाही’, हे वडिलांनी सांगितलेलं नाही.

गावाला मात्र उत्तर माहीत होतं. शेजारीपाजारी सांगत होते: चित्रं पुरे, शाळाही पुरे, पोरीनं एखाद्या दुकानात नोकरी धरावी. वांडानं ते ऐकलं नाही. तिनं ठरवलं की आपण शाळा पुरी करायची आणि बाकी सहा जणांनाही पुरी करायला लावायची. मधल्या काळात भेटकार्डं रंगवून विकायची, मिनियापोलिसच्या एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीला चित्रं-गोष्टी पाठवून पैसे मिळवायचे. तिची रोजनिशी त्याच वर्षी सुरू झाली आणि सुरुवातीला ती बरीचशी जमाखर्चाची वही होती: काय काढलं, कुठं पाठवलं, किती आले. १९०८ ते १९१७ या काळातल्या या वह्या तिनं १९४० साली ‘ग्रोइंग पेन्स’ या नावानं पुस्तक करून छापल्या. त्या वाचताना सगळ्यात जास्त काय जाणवतं, तर तिनं स्वतःच्या चित्र काढण्याच्या ओढीला दिलेली वागणूक. तिला चित्राचे झटके यायचे. ती ते हवामानासारखे नोंदवते: आज आला, दोन दिवस आला नाही, भांडी घासताना आला. तिच्या लेखी तो नखरा नव्हता आणि चैनही नव्हती. घरात खायला काय आहे ही नोंद आणि झटक्याची नोंद शेजारी शेजारी, एकाच शाईत.

१९१२ला शाळा संपली, मग वर्षभर खेडेगावच्या शाळेत मास्तरकी, मग देणगीदारांच्या मदतीनं आधी सेंट पॉलच्या आणि नंतर मिनियापोलिसच्या कलाशाळेत. १९१७ साली तिच्या चित्रांचं पहिलं पुस्तक निघालं. ते लिखित इंग्रजीचे नियम शिकवणारं शालेय पुस्तक होतं. त्याच वर्षी आई गेली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगची शिष्यवृत्ती मिळाली. ती गेली. धाकटी भावंडं मागं राहिली, मोठ्या बहिणी कमावत्या झाल्या, आणि वांडा न्यूयॉर्कहून पैसे पाठवत राहिली. हे पैसे फॅशनच्या चित्रांचे होते. जाहिरातींसाठी लांबसडक बायका आणि त्यांचे झगे काढायचे, दिव्यांच्या शेड रंगवायच्या. ती या कामात चांगली होती आणि तिला बरे पैसे मिळायला लागले होते. मग १९२३च्या सुमारास, घरची ओढगस्त जराशी सैल झाल्यावर, तिनं ते काम सोडलं आणि शहरही बरंचसं सोडलं. पुढं न्यू जर्सीच्या ग्रामीण भागात एक मोडकळीला आलेलं घर भाड्यानं घेतलं, त्याचं नाव ‘टंबल टिंबर्स’. तिथं भाज्या लावायच्या आणि काढायचं ते फक्त स्वतःसाठी काढायचं.

या काळातले तिचे छाप बघायला हवेत. मुद्राचित्रकार म्हणून तिचं नाव झालं ते पुस्तकाच्या आधी, १९२६ साली न्यूयॉर्कच्या वायही गॅलरीत तिचं स्वतंत्र प्रदर्शन झालं तेव्हा. कार्ल झिग्रॉसर हा तिथला जाणकार माणूस तिच्या पाठीशी उभा होता. ती लाकडावर कोरायची, पण मला तिचे शिळाछाप जास्त ओढून घेतात. शिळाछापाचं तत्त्व साधं आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, पृष्ठभाग ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. म्हणजे खडूचा दाब हाताला जसा जमेल तसाच्या तसा कागदावर उतरतो; कोरण्यात असतो तो अवजाराचा अडसर इथं नाही. त्याशिवाय वांडा एक आणखी उद्योग करायची. साध्या पॉलिश पेपरवर, सुतार लाकूड घासायला वापरतात त्यावर, चित्रं काढायची. खरखरीत पृष्ठभागावर खडू सगळीकडे टेकत नाही, आणि काळ्यामध्ये असंख्य बारीक पांढरे कण शिल्लक राहतात. त्यामुळे तिच्या चित्रातला अंधार कधी बुजलेला वाटत नाही, त्यातून हवा खेळते.

विषय काय, तर आजीची बैठकीची खोली. चूल. दिवा. जिना. उन्नत रेल्वेचं स्टेशन. खडी फोडायचं यंत्र. माणसं जवळपास नाहीत. पण खुर्ची, पडदा, कोपऱ्यातली सावली, सगळं थरथरतंय, जणू खोलीतून कुणीतरी आत्ताच उठून गेलं आहे. ती सेझानच्या चित्रांचा खूप विचार करायची, आणि तिचा स्वतःचा ध्यास असा होता की दोन वस्तूंमधली मोकळी जागाही रिकामी नसते, तिलाही आकार असतो, तोही काढता आला पाहिजे. कलाशाळेत हे वाक्य बहुतेक सगळ्यांना ऐकवतात. तिच्या चित्रात मात्र ते खरोखर दिसतं: टेबल आणि भिंत यांच्यामधली हवा टेबलाइतकीच घट्ट आहे.

आता ही नजर घेऊन पुन्हा मांजरांकडे या. एर्नेस्टीन एव्हान्स ही कॉवर्ड-मकॅन या नव्या प्रकाशनसंस्थेची संपादक. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रकार शोधत असताना तिनं वांडाची प्रदर्शनातली चित्रं पाहिली आणि तिला विचारलं. वांडाकडे मांजरांची गोष्ट आधीच लिहून पडलेली होती, प्रकाशकांनी नाकारून परत पाठवलेली. १९२८ला पुस्तक निघालं. पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी सन्मान मिळाला, जो मुख्यतः मजकुरासाठी असतो. चित्रपुस्तकांचा कॅल्डेकॉट पुरस्कार तेव्हा सुरूच झाला नव्हता.

पुस्तक आडवं आहे आणि त्यात रंग नाही. समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र, ही आज अगदी नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा नव्हती. म्हातारा डाव्या पानाच्या टोकाला चालायला लागतो आणि टेकड्यांची लाट मधली शिवण ओलांडून उजव्या पानावर जाते. टेकड्या गोल, झाडं गोल, ढग गोल, मांजरांच्या पाठी गोल. कुठं टेकडी संपते आणि मांजरं सुरू होतात हे पहिल्या नजरेला कळत नाही, आणि इथंच ती मोकळ्या जागेची शिकवण कामाला येते. मजकूर चित्राखाली गुपचूप बसलेला नाही, तो टेकडीच्या उतारामध्ये मिळेल त्या जागेत शिरतो. गोष्टीत मोजणीचं एक पालुपद आहे, शेकड्यापासून सुरू होऊन वर वर चढत जाणारं. प्रत्येक वेळी ते आलं की डोळा आपोआप चित्रात मोजायला लागतो आणि हरतो. चित्रकारानं शेकडो मांजरं काढलेली नाहीत, तेवढी जागाच नाही. जवळची काही पूर्ण, मागची नुसते कान, त्यामागचे नुसते ठिपके. कोट्यवधींचा भास तेवढ्यातच होतो.

आणि भांडणाचं चित्र एकच. सगळ्या मांजरांची एक गुंतवळ, पंजे, शेपट्या, दात. त्याच्यानंतर शांतता. एकमेकांना खाल्लं हे चित्रात दाखवलेलं नाही, अंदाज म्हणून बोललेलं आहे. माझ्या भाचीनं विचारलं, “पण मग हाडं कुठायत?” मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात तिनं स्वतःच सांगितलं, की शेवटच्या मांजरानं हाडंपण खाल्ली आणि मग ते फुटलं. साडेचार वर्षांची आहे. लहान मुलांना क्रौर्य सोसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे पुस्तक एकदा मुलांबरोबर वाचावं.

हे पुस्तक भाचीला तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या घरी वाचून दाखवत होतो. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं पुस्तक मागून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विचारलं, “अक्षरं कुणाची आहेत?”

मला तोपर्यंत हे लक्षातच आलं नव्हतं की अक्षरं छापखान्यातल्या खिळ्यांची नाहीत. ती हातानं काढलेली आहेत. हॉवर्डनं. सातांमधला एकटा भाऊ, वडील गेले तेव्हा पाच-सहा वर्षांचा असलेला. मांजरांच्या पुस्तकाचा सगळा मजकूर त्यानं हातानं लिहून दिला, १९३३च्या ‘द एबीसी बनी’चाही. त्या ‘बनी’मध्ये गाण्याची चाल आहे, ती फ्लावियाची, सर्वांत धाकटीची, पुढं तीही मुलांच्या पुस्तकांची लेखिका-चित्रकार झाली. वांडाच्या यशाची गोष्ट नेहमी थोरल्या बहिणीच्या त्यागाची म्हणून सांगतात. पण पुस्तकं उघडून बघितली तर तिथं धाकट्यांचे हात दिसतात, नावासकट.

इथं मला माझं सांगावं लागेल. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो आणि ताई एकोणीस वर्षांची. तिला ड्रॉईंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड होती, पुढं ए.टी.डी. करून कलाशिक्षिका व्हायचं होतं. आमच्याही शेजाऱ्यांनी तेच सांगितलं जे न्यू उल्मच्या शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, आणि ताईनं ते ऐकलं. एका कापड दुकानात हिशेबाला लागली. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या पगारातून गेली. आणि फीच नाही. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉईंग असतं, माझा हात भयंकर होता. शीट्स मी घरी आणायचो, ताई रात्री दुकानातून आली की जेवून बसायची आणि काढायची. प्रक्षेप, छेद, शंकूचा विकास. कशाचं काय ते मी तिला एकदा समजावून सांगायचो, मग ती माझ्यापेक्षा चांगलं समजायची. सरांनी एक शीट वर्गात सगळ्यांना दाखवली होती. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव माझं आणि रोल नंबर माझा.

वांडाच्या पुस्तकात हॉवर्डचं नाव आहे. हे वाचल्यापासून माझं तिच्याकडे बघणं बदललं, हे कबूल करतो. समीक्षेत अशा गोष्टी आणू नयेत असं म्हणतात, पण मग मी नेमकं कुठल्या जागेवरून वाचतोय हे लपवावं लागेल.

तेव्हा त्यागाच्या गोष्टीबद्दल थोडं. वांडा त्यागमूर्ती नव्हती, आणि तिला तसं करून टाकणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. १९२७ साली ‘द नेशन’ साप्ताहिकानं आधुनिक स्त्रियांच्या आत्मकथनांची एक निनावी मालिका चालवली, त्यातला एक लेख तिचा होता. डाव्या विचारांच्या नियतकालिकांसाठी तिनं चित्रं काढली. आपल्या आयुष्यात कला पहिली, लग्न आणि मूल त्यानंतर, किंवा नाहीच, हे तिनं फार लवकर ठरवलं होतं आणि ते पाळलं. अर्ल हम्फ्रीज या साथीदाराबरोबर वर्षानुवर्षं राहून लग्न केलं ते १९४३ साली, पन्नाशीत. १९३१ला मांजरांच्या कमाईवर न्यू जर्सीत मिलफर्डजवळ जमीन आणि घर घेतलं, त्याचं नाव ‘ऑल क्रिएशन’. भावंडं तिथं येऊन राहायची. जिनं घर सांभाळण्यासाठी चित्रं विकली, तिनं शेवटी चित्रांच्या जोरावर घर उभं केलं. पण मधल्या वर्षांत फॅशनचं काम सोडताना तिनं कुणाची परवानगी मागितली नाही, आणि ‘बाकीच्यांचं काय’ या प्रश्नाला ‘आता ती कमावती आहेत’ एवढंच उत्तर पुरेसं मानलं. हा स्वार्थ असेल तर असू दे. माझ्या ताईला तो थोडा तरी मिळायला हवा होता.

घरकामाबद्दल तिचं मत काय होतं, हे ‘गॉन इज गॉन’ या १९३५च्या चिमुकल्या पुस्तकात आहे. आजीकडून ऐकलेली गोष्ट तिनं आपल्या भाषेत सांगितली आहे. फ्रिट्झल नावाच्या शेतकऱ्याला वाटतं की आपण शेतात मरमर मरतो आणि बायको घरात आरामात असते. लीसी म्हणते, ठीक आहे, उद्या अदलाबदल. मग सॉसेज कुत्रा पळवतो, पिंपातली दारू तळघरात वाहून जाते, गाय छपरावर चढवलेली असते ती खाली घसरते आणि तिला बांधलेल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेला फ्रिट्झल धुराड्यात ओढला जातो. शेतातलं काम लीसीनं व्यवस्थित केलेलं असतं. या पुस्तकातला विनोद मला मांजरांपेक्षाही पक्का वाटतो, कारण इथं कुणीही दुष्ट नाही. काम कुणाला दिसतं आणि कुणाला दिसत नाही, एवढाच सवाल आहे.

ग्रिम बंधूंच्या कथा ती मूळ जर्मनमधून स्वतः इंग्रजीत आणत होती. ‘टेल्स फ्रॉम ग्रिम’ १९३६ला आलं. १९३७च्या अखेरीला डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ आला आणि १९३८ला वांडाचं ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’. हे पुस्तक म्हणजे सरळ प्रत्युत्तर आहे. चित्रपटात सात बुटक्यांचं घर घाणेरडं आहे, स्नो व्हाइट येऊन झाडझूड करते आणि गाणं म्हणते. ग्रिमच्या कथेत ते घर लख्ख आहे, सात ताटं मांडलेली, सात बिछाने घातलेले. स्वतःचं घर स्वतः नीट ठेवणारे कष्टकरी लोक. डिस्नेनं त्यांना बावळट केलं आणि प्रत्येकाला एक लाडिक नाव दिलं, म्हणजे मुलीला आवरायला काहीतरी काम उरलं. वांडानं घर पुन्हा स्वच्छ केलं, नावं काढून टाकली, आणि राणीला मूळ गोष्टीतल्याप्रमाणे तीनदा येऊ दिलं: नाडी घेऊन, फणी घेऊन, सफरचंद घेऊन. कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. तरी आज बुटक्यांची नावं विचारा, लोक डिस्नेचीच सांगतील. मिकीच्या पुरात ही मांजरं मला सापडली, तेव्हा यातला योगायोग माहीत नव्हता.

तिचं सगळंच आवडलं असं नाही. ‘द फनी थिंग’ मला ओढूनताणून वाटतं. १९४१च्या ‘नथिंग ॲट ऑल’मध्ये तिनं रंग वापरले, आणि रंगांनी तिचा मुख्य बाजच काढून घेतला; काळ्यातून येणारी ती हवा तिथं नाही. पण कल्पना पाहा: तीन अनाथ कुत्र्याची पिल्लं, त्यातलं एक अदृश्य. मुलं येतात, दिसणारी दोन उचलून नेतात, तिसरं मागं राहतं. गवतातलं कुरूप मांजर, न दिसणारं कुत्रं, लीसीचं न दिसणारं काम: वर्षानुवर्षं ती त्याच एका जागेभोवती फिरत होती. मांजराची सुटका दिसत नसल्यामुळे होते. कुत्र्याला दिसण्यासाठी रोज खटपट करावी लागते. पहिलं पुस्तक पस्तिसाव्या वर्षीचं, दुसरं अठ्ठेचाळिसाव्या. मधल्या काळात तिचं मत बदललं असावं असं मला वाटतं.

२७ जून १९४६ला फुप्फुसाच्या कर्करोगानं ती गेली. आजारपणातही ग्रिमच्या आणखी कथांवर काम चालू होतं. ‘मोअर टेल्स फ्रॉम ग्रिम’ १९४७ला निघालं. काही चित्रं तिच्या हातून पुरी झालेली नव्हती. ती होती तशीच छापली.

पॉलिश पेपरची गोष्ट मी ताईला सांगितली होती. गेल्या आठवड्यात तिनं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन कागद आणले आणि भाचीचे मेणखडू घेऊन बसली. फोटो पाठवला, त्यात आमच्या जुन्या घराचा जिना होता, अर्धाच. खाली लिहिलं होतं की कागद फार खरखरीत निघाला, काळा खडू निम्म्यातच संपला, येताना बारीक नंबरचा घेऊन ये.